तोंडाशी घरचं माणूस

पेमानाईक तांड्याला इंजिनिअरचे दोनच प्रकार माहीत होते. पाहणीला येऊन चहा पिऊन जाणारा एक, आणि पाहणीला न येताच कागदावर सही ठोकणारा दुसरा. त्यामुळे १९९१ साली धर्मसिंग राठोडाचा सुदाम नांदेडच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर होऊन आला, तेव्हा लोकांना खरा आनंद झाला तो आता नाल्यावर पूल होणार याचा. सुदामनं पुढे आयुष्यभर बोगदे केले, तेही पाण्याखालून. तांड्याच्या नाल्यावर पूल मात्र झाला नाही. अजूनही पावसाळ्यात कनेरगाव नाक्याहून येणारा माणूस चपला हातात घेऊन नाला ओलांडतो आणि ओलांडताना सुदामच्या नावानं दोन शब्द बोलून घेतो.

तांड्यातली बरीच घरं तेव्हा विहिरी खोदायच्या कामावर जगत. पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहत मुलूख फिरले, नातवंडांच्या वाट्याला एका जागी उभं राहून खाली जाणं आलं. धर्मसिंगची टोळी नावाजलेली होती. नाक्यापासून पार कुरुंद्याच्या हळदीच्या मळ्यांपर्यंत तिनं विहिरी पाडल्या. वरची माती, मग मुरूम, मग तो काळा पाषाण, ज्याच्यावर पहार मारली की पहारच शरमून जाते. खालचा दगड वर काढायला दोर, नंतरच्या काळात इंजिनाची यारी. पण दोर असो की यारी, टोळीचा एक नियम कधी मोडला नाही. माणूस खाली असेतोवर विहिरीच्या तोंडाशी त्याच्या घरचं कुणीतरी बसलं पाहिजे.

हा काही देवाधर्माचा प्रकार नव्हता, सरळ हिशेब होता. दरड हलली, दोर तुटायला आला, तर रोजानं लावलेला गडी जिवाच्या भीतीनं पळू शकतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. घरचं माणूस पळत नाही. म्हणून धर्मसिंग खाली उतरला की त्याची बायको नीलाबाई काठावर बसे. मधून मधून खाली वाकून हाक मारी, खालून हुंकार आला की पुन्हा सरळ बसे. तो वर येईपर्यंत ती तहान लागली तरी उठत नसे. सुदाम आणि त्याची धाकटी बहीण पुजा, दोघंही परक्यांच्या विहिरींच्या काठांवर रांगायला शिकली, कमरेला लुगड्याची पट्टी बांधून, पट्टीचं दुसरं टोक आईच्या पायाखाली.

अशी कित्येक वर्षं काठावर बसून नीलाबाईनं एकच गोष्ट ठरवली होती. पोरगं खाली उतरणार नाही. धर्मसिंगला दगडाच्या धुळीनं खोकला लागला तेव्हा तर तिनं हट्टच धरला. आश्रमशाळा, मग हिंगोलीचं हायस्कूल, मग नांदेड. फी भरायला तिनं गळ्यातली चांदीची हसळी मोडली, पण त्याचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आपणही ते फार वाढवू नये. सुदाम पास झाल्याचे पेढे वाटताना ती प्रत्येकाला एवढंच सांगत होती, की माझा सुदाम आता वरच्या वर काम करील.

आणि सुदामला पहिली नोकरी लागली ती नदीच्या तळाखालून कालवा नेणाऱ्या बोगद्यावर.

पहिल्या दिवशी तो शाफ्टमध्ये उतरला. शाफ्ट म्हणजे बोगद्यात जायला पाडलेली उभी विहीरच, फक्त तिच्यातून पाणी नको असतं. खाली टॉर्चच्या उजेडात त्याला समोर तोच दगड दिसला, हिंगोलीचा काळा पाषाण, घाम आल्यासारखा ओला. बाकीचे नवे इंजिनिअर बावरून वर बघत होते. सुदामला मात्र आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. त्यानं हातोडी घेऊन दगडावर ठोकलं आणि कान लावला. भरीव दगड एका आवाजात बोलतो, आत फट असली की दुसऱ्या. हे त्याला बापाकडून येत होतं. पुस्तकातली गणितं कॉलेजनं दिली होती. दोन्हींची गाठ त्या दिवशी पडली आणि गडी त्या कामाच्या प्रेमात पडला. प्रेम म्हणजे प्रेमच, दुसरा शब्द नाही. डोक्यावर नदी वाहते आहे, आपण तिच्या खाली कोरड्या कपड्यांनी उभे आहोत, आणि ती आपल्याला शिवू शकत नाही कारण आपण नीट विचार केला आहे, याची त्याला जी गोडी लागली ती पुढे सुटली नाही.

घरी त्यानं सांगितलं, रस्त्याचं काम आहे. बोगद्यातून पुढे कधीतरी काहीतरी जाणारच असतं, तेव्हा तो एक प्रकारचा रस्ताच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आईशी खोटं बोलणारा माणूस फार हुशार होतो.

पाच-सहा वर्षांत त्याचं नाव झालं. सह्याद्रीत एका धरणाच्या पोटाखालून बोगदा नेऊन तलावाच्या तळाशी खालून भोक पाडायचं काम निघालं, त्यात तो होता. शेवटी तळ्याचं पाणी आणि माणसं यांच्यामध्ये दगडाचा एक बूच तेवढा उरतो, आणि तो सुरुंगानं उडवायचा असतो. बूच किती जाड ठेवायचा यावर साहेब लोकांची महिनोन् महिने डोकेफोड चालली. सुदाम पुढच्या दगडात लांब लांब भोकं पाडून पाणी किती झिरपतं ते बघत असे, सिमेंटचं पातळ दूध दाबानं त्या फटींत भरत असे, आणि पुन्हा भोक पाडून बघत असे. हे काम कंटाळवाणं होतं आणि त्याला तेच आवडायचं. पुढे कुठे पाण्याखालून जायचं म्हटलं, की लोक राठोडला बोलवा म्हणू लागले. १९९७ साली त्याला मुंबईत खाडीखालच्या बोगद्यावर घेतलं. तोवर त्याचं लग्न झालं होतं. बायको शितल वाशिमकडची, बोलायला धीट. ती म्हणायची की सासूबाईंना एकदा सांगून टाका. तो म्हणायचा, सांगतो.

सांगितलं दुसऱ्यानंच. तांड्यातला मोहनसिंग त्याच बोगद्यावर मजुरीला होता, सुदामनंच त्याला लावून दिलं होतं. १९९९ च्या होळीला दोघं गावी आले. तांड्यात होळी म्हणजे सगळा गोतावळा जमतो, गाणी होतात, बायका-पुरुषांची थट्टामस्करी चालते. त्या भरात मोहनसिंगनं सगळ्यांसमोर सुदामचं कौतुक सुरू केलं. वर समुद्र, वर जहाजं, आणि खाली आमचे साहेब सगळ्यांच्या पुढं. सुदामनं त्याला डोळ्यांनी दटावलं, पण मोहनसिंग त्या वेळी डोळे वाचायच्या अवस्थेत नव्हता.

नीलाबाई रागावली नाही, रडली नाही. उलट हातातलं ताट तिनं नीट पुढच्या माणसासमोर ठेवलं. सुदामला वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात दात घासत असताना ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"तू खाली असतो तवा वरी कोन बसतं?" तिनं विचारलं.

तांड्यात आईला याडी म्हणतात. सुदामनं याडीला सगळं समजावून सांगितलं. वर दिवसरात्र माणसं असतात, टेलिफोन असतो, पाणी उपसायचे पंप असतात, एक बंद पडला तर दुसरा असतो, वर-खाली करायला पाळणा असतो, त्याला वेगळा चालक असतो. सांगता सांगता त्याला स्वतःलाच बरं वाटलं. किती व्यवस्था असते.

नीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"ते बराबर हाय," ती म्हणाली. "पर घरचं कोन?"

इतकी वर्षं दगडाचा दाब, पाण्याचा दाब, वाऱ्याचा दाब सगळा काढणारा माणूस एवढंच म्हणाला, की तिकडे तशी पद्धत नाही. ती म्हणाली, बरं. आणि मग तिनं एवढंच मागितलं, की तुझी ड्युटी कधी असते ते मला कळवत जा. त्याला वाटलं, आईचं मन आहे, तेवढंच समाधान. नाक्यावर शेषरावचं एसटीडीचं दुकान होतं. सुदाम दर आठवड्याला तिथं फोन करी आणि शिफ्ट सांगे, शेषराव तांड्याकडे जाणाऱ्या कुणाजवळ तरी निरोप धाडी. बाजारच्या दिवशी नीलाबाई स्वतः येऊन विचारून जाई.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मधल्या काळात हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली, लोकांना नव्या कचेऱ्यांचं अप्रूप वाटून संपलंसुद्धा. सुदामला वाटत होतं, आईची समजूत पटली. मग पुजाचा फोन आला. तिला हिंगोलीत दिलं होतं, नवरा एसटी डेपोत होता. ती आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "दादा, याडी तुझ्या डिवटीला विहिरीवर बसून राहिली, तुला ठावं हाय का?"

तांड्याच्या खालच्या अंगाला राठोडांचं कोरडवाहू रान होतं. धर्मसिंगनं दुनियेच्या विहिरी काढल्या तशी एक आपलीही काढली होती. हिवाळा संपेतो तिला पाणी असायचं, उन्हाळ्यात तळ दिसायचा. नीलाबाई सुदामच्या शिफ्टच्या वेळेला सुपात निवडायची तूर घेऊन त्या विहिरीच्या तोंडाशी जाऊन बसायची. शिफ्ट सुटली की उठायची. रात्रपाळी असली तर अंगणात खाट टाकून जागी राहायची. तांड्यातली पोरं हसायची, बाया विचारायच्या, मावशी, खाली कोन हाय. ती सांगायची, सुदाम हाय.

सुदाम रजा टाकून आला. आल्या आल्या त्यानं आईला झापलं, म्हणजे झापायला सुरुवात केली. इथली विहीर कुठं, मुंबईची खाडी कुठं, इथं बसून तिथं काय होणार, लोक काय म्हणतील. नीलाबाई म्हणाली, लोकाचं लोकांपाशी. तुझा बा खाली होता तेव्हा तरी मी बसून काय करत होते, दगड थोडीच धरत होते. बसत होते. तिच्या या बोलण्यात तोडायला जागाच नव्हती. सुदामनं बापाकडे बघितलं. धर्मसिंग खोकत खोकत म्हणाला, की मी खाली असताना मला ती वर हाय एवढंच ठावं असायचं, बाकीचं मला इचारू नको. तोही त्याच पक्षाचा निघाला.

पुढचा उन्हाळा कडक आला. विहिरीजवळ सावलीचं एक झाड नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी नीलाबाई तिथंच भोवळ येऊन पडली. नशीब की बाजूच्या रानातल्या सुमनबाईचं लक्ष गेलं. हिंगोलीच्या दवाखान्यात सलाइन लावलं, दोन दिवसांनी घरी आणलं. सुदाम आला तेव्हा ती अंथरुणावर होती आणि पहिली गोष्ट तिनं विचारली ती ही, की तू रजेवर आलास ते बरं झालं, आज काही बसायचं नाही ना.

सुदामचा जीव गलबलला. आपण बोगद्यात थंडाव्याला उभे राहतो आणि ही इथं उन्हात आपल्यासाठी मरायला टेकते. परत जाताना गाडीत त्यानं ठरवून टाकलं. आठ दिवसांनी शेषरावच्या दुकानात आईला बोलावून घेतलं आणि फोनवर सांगितलं, की मला बढती मिळाली, आता मी ऑफिसात बसतो, खाली उतरत नाही. बढती मिळाली होती हे खरं होतं. बाकीचं खोटं होतं. पाण्याखालच्या कामात जितका मोठा साहेब तितका अवघड जागी पुढे.

पलीकडून नीलाबाईनं विचारलं, "मंग आता खाली कोन जाईल?"

"जाईल की दुसरा कोनी," सुदाम हलक्या आवाजात म्हणाला. "कामं थांबत असत्यात का, याडी."

ती म्हणाली, बरं झालं बेटा. फोन ठेवल्यावर सुदामला मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मोहनसिंगला त्यानं बोलावून सेवालाल महाराजांची शपथ घातली, की साहेब अजून खाली उतरतो हे तांड्यात कधी सांगायचं नाही. मोहनसिंगला होळीची गोष्ट अजून खुपत होती. त्यानं शपथ घेतली आणि पाळली.

मग दोन वर्षं शांततेत गेली. सुदाम गावी जाताना इस्त्रीचे कपडे घालून जाई, नखांतली काळी रेघ ब्रशनं घासून काढी. ऑफिसचं कसं असतं हे आईला रंगवून सांगे, पंखा, खुर्ची, पाण्याचा ग्लास आणून देणारा शिपाई. ती कौतुकानं ऐके. शितलला हे बिलकुल पटत नव्हतं. ती म्हणायची, तुम्ही आईला उन्हातून उठवलं हे चांगलं केलं, पण खोटं सांगून उठवलं. सुदाम म्हणायचा, उठली ना.

२००३ च्या ऑगस्टात एका सकाळी, पहिल्या शिफ्टला, बोगद्यात पाणी आलं. चूक कुणाचीच नव्हती. पुढच्या दगडात नेहमीप्रमाणे लांब भोकं पाडून बघितली होती, ती कोरडी आली होती. पण दोन भोकांच्या मधून चिखलानं भरलेली एक उभी फट गेली होती, ती कुणालाच सापडली नाही. आधी गढूळ धार आली, मग ती धार माणसाच्या मांडीएवढी झाली. सुदामनं सगळ्यांना मागं काढलं. तो स्वतः शेवटी निघाला, कारण साहेबानं शेवटी निघायचं असतं, आणि निघताना पाण्याच्या झोतानं त्याला बाजूच्या दगडावर आपटलं. डाव्या कानात शिट्टी वाजली आणि त्या कानानं ऐकू येणं बंद झालं. तो धडपडत शाफ्टच्या तळाशी आला तेव्हा सगळी माणसं तिथं होती, मोहनसिंगही होता. वीज गेली होती, पाळणा बंद होता. दुसऱ्या इंजिनावर तो चालू करायला वेळ लागणार होता. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कमरेवर चढत होतं.

सुदामनं वर बघितलं. वर विहिरीचं असतं तसंच गोल तोंड होतं, त्यात पावसाळी आभाळ. काठावरून डोकी वाकून बघत होती. टेलिफोनवाला होता, चालक होता, मुकादम होता. सगळी चांगली माणसं होती, सगळी जीव तोडून धडपडत होती. सुदामची नजर तरी त्या डोक्यांतून फिरत राहिली. आपण कुणाला शोधतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला भीतीपेक्षा लाज वाटली. दगड ओळखणारा, गणितं करणारा, तीस माणसांचा साहेब, आणि त्याला त्या काठावर आपली आई पाहिजे होती. आणि तिला आपणच तिथून उठवून दिलं होतं.

पाळणा चालू झाला. माणसं एकेक खेप वर गेली. कुणीही दगावलं नाही. सुदाम शेवटच्या खेपेला वर आला, एका कानानं बहिरा, अंगभर चिखल. शितल दवाखान्यात आली तेव्हा तो तिला एवढंच म्हणाला, की गावी जाऊन येतो, याडीला खरं सांगायचं आहे. ती म्हणाली, मी तेच म्हणत होते, पण आता ते उगाळत बसत नाही, जा.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. मनमाडवरून, परभणीवरून, मग पूर्णेहून छोट्या गाडीनं हिंगोली. कुणालाच कळवलं नव्हतं. नाक्यावर जीपमधून उतरला, नाल्याला पाणी होतं, चपला हातात घेतल्या आणि इतरांच्या वाटचे दोन शब्द स्वतःच स्वतःला बोलून घेतले. घरी धर्मसिंग एकटाच खाटेवर बसला होता. सुदामनं विचारलं, याडी कुठं. धर्मसिंगनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कानातल्या कापसाकडे बघितलं, आणि म्हणाला, "इहिरीवर हाय."

सुदामला आधी वाटलं, पाणी आणायला गेली असेल. खालच्या रानात आला तर विहिरीजवळ कापसाच्या पऱ्हाट्यांचा एक छोटा मांडव उभा होता, वर पळसाची पानं टाकलेली. त्याच्या सावलीत नीलाबाई विहिरीच्या तोंडाशी बसली होती, मांडीवर सूप. विहीर पावसानं अर्धी भरली होती. तिनं वाकून खाली बघितलं आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

तो समोर जाऊन उभा राहिला. ती चकित झाली, खूश झाली, हातानं त्याला जवळ बस म्हणाली, पण उठली मात्र नाही. असा कसा अचानक आलास, बरा आहेस ना, शितल कशी आहे. त्यानं सगळ्यांचं उत्तर दिलं आणि मग न राहवून विचारलं, "याडी, मी तर ऑफिसात हाय म्हनलं होतं ना तुला. मंग काहून बसली इथं?"

"तू वर आला बेटा," नीलाबाई म्हणाली. "पर तुझ्या जागी कोनी तरी गेलंच असंल ना खाली. त्याच्या घरचं तिथं कोन हाय? त्याच्या आईला बिचारीला ठावं तरी हाय का, कोन जाने. म्हनून बसते."

सुदामला आपण उजव्या कानानं बरोबर ऐकलं की नाही, अशी शंका आली. त्यानं विचारलं, पण तुला त्याच्या ड्युटीची वेळ कशी कळते. त्यात काय, ती म्हणाली. मोहनसिंग त्याच्या घरच्यांसाठी फोन करतो ना शेषरावकडे. त्याला मी विचारलं होतं, सुदामच्या जागी जे साहेब आलेत त्यांची ड्युटी सांगत जा. पोरगं भलं आहे, दर आठवड्याला बराबर सांगतं. तुझ्या बानं हा मांडव घालून दिला, आता ऊन लागत नाही.

शपथ मोडायची नाही आणि नीलाबाईशी खोटंही बोलायचं नाही, या दोन्हींच्या मधून मोहनसिंगनं आपली वाट काढली होती. सुदामच्या जागेवरच्या साहेबाची खरी वेळ त्यानं दोन वर्षं बिनचूक कळवली होती. त्या ऑगस्टातल्या सकाळचीसुद्धा.

"पंधरा दिवसांमागं," सुदाम म्हणाला, "रविवारी, सकाळच्या डिवटीला, तू बसली होती?"

"बसले होते की. लई पाऊस होता. घोंगडं घेऊन बसले होते. काहून रे?"

सुदाम खाली बसला. आईच्या पायाशी, ओल्या मातीत, इस्त्रीच्या पँटसकट. त्यानं तिला सगळं सांगितलं. बढती खरी, ऑफिस खोटं. त्या सकाळचं पाणी, कान, वरचं गोल तोंड, आणि त्या तोंडाशी आपण कुणाला शोधत होतो ते. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. शेवटी म्हणाला, "कोनी दुसरा न्हवता, याडी. ज्याच्यासाठी तू बसत होती तो मीच होतो."

नीलाबाईनं सूप बाजूला ठेवलं. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून वळवलं आणि कापूस घातलेल्या कानाकडे बराच वेळ बघितलं. खोटं बोलल्याबद्दल ती काही म्हणाली नाही, पुढेही कधी म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले.

"मंग बराबरच बसले म्हनायची मी," ती म्हणाली.

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. सुदामनं डोळे पुसले, उठला आणि तिला हात दिला. चल घरी, आता मी आलो, आता काही बसायचं नाही. नीलाबाईनं हात धरला, पण उठायला नाही. त्याला तसाच धरून ठेवला.

"आज तुझ्या जागी कोन हाय?"

पाणी उपसून बोगद्याचं काम पुन्हा सुरू झालं होतं. आज सुदामच्या जागी ओडिशाकडचा एक तरुण इंजिनिअर उतरला होता. दोन वर्षं दोघं एकत्र खाली जात होते. माणूस गुणी होता, दगडाची जाण होती, भात फार खायचा. त्याची आई आहे की नाही, असली तर कुठं असते, पोरगं कुठं जातं हे तिला माहीत आहे का, यातलं काहीएक सुदामला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्यानं आईला तसं सांगितलं.

"परत गेला की इचार," नीलाबाई म्हणाली. मग ती सरकली आणि मांडवाखाली त्याच्यापुरती जागा केली.

सुदाम तिच्या शेजारी बसला. तिनं सुपातली मूठभर तूर त्याच्या ओंजळीत दिली आणि तो खडे निवडायला लागला. थोड्या वेळानं ती वाकून विहिरीत बघायला लागली, तसा तोही वाकला. त्या दिवशी शिफ्ट सुटेपर्यंत दोघं तिथंच बसून होते.